उत्तरेकडच्या दारातल्या गाठी

२९ सप्टेंबर १८७४, मंगळवार. कर्कगिल.

आले एकदाची. स्टेशनापासून इथवर पिठाच्या पोत्यांवर बसून, सगळा चढ. गाडीवानाने वाटेत विचारलं, की बाई, ट्रंकेत मासे तर नाहीत ना, माझी घोडी शिंकतेय. समुद्रावरची बाई म्हटली की इकडच्या मेंढरंवाल्यांना मासेच आठवतात. मी म्हटलं, मासे नाहीत, पण तुझी जीभ खारवायला मीठ भरपूर आणलंय. तो इतका हसला की लगाम हातातून सुटला.

डॉर्कस फाटकातच उभी होती. पोट एवढं पुढे आलंय की लेकीला जवळ घ्यायला बाजूने जावं लागलं. आठवा लागलाय. तिच्या मागे जावई, जोएल मेटकाफ, कोपरापर्यंत चुन्याने पांढरा. तो गवंडी आहे. इथल्या जुन्या चर्चच्या डागडुजीचं काम त्याला मिळालं, म्हणून ही दोघं इथे आली आणि त्यांच्यामागून मी. चर्चची झाडलोट मी करायची, शेगडी पेटवायची, आणि त्याबदल्यात फाटकालगतच्या या घरात तिघांनी राहायचं, असं नवे व्हिकर, म्हणजे इथले पाद्री, मिस्टर लँगडेल यांनी ठरवून दिलंय. आधी हे काम ॲगी थ्वेट नावाची म्हातारी करायची. तिचे गुडघे गेले.

जेवायला ओटची भाकरी, चीज आणि मटणाचा रस्सा. जोएल म्हणाला, आई, लाटांचा आवाज नाही म्हणून झोप आली नाही तर सांगा, मी पिंपात पाणी हलवत बसेन. रूबेन गेल्यापासून मी एवढी हसले नव्हते.

रूबेनचा स्वेटर ट्रंकेच्या तळाशी आहे. समुद्राने त्याला परत दिलं तेव्हा चेहऱ्यावरून कोणी ओळखलं नसतं. माझ्या टाक्यांवरून ओळखलं. छातीवर दोन वेण्या, मध्ये जाळी, खालच्या काठाला त्याच्या नावाची दोन अक्षरं. आमच्याकडे बायका ती अक्षरं त्यासाठीच विणतात, फक्त तसं बोलून दाखवत नाहीत.

मला लिहायला कोणी शिकवलं नाही. होड्यांच्या नावांवरून अक्षरं जुळवली, मग बायबल, मग हाती येईल ते. ही वही डॉर्कसने दिली. म्हणाली, बाबांशी दिवसभर मनात बोलत असतेस, ते इथे लिहीत जा.

३ ऑक्टोबर, शनिवार

चर्च लहान आहे, जाड भिंतींचं आणि गार. मला आवडलं. ॲगीच्या गुडघ्यांनी बऱ्याच दिवसांपासून साथ सोडली असावी, कारण कोपऱ्याकोपऱ्यात जळमटं होती. वाळू आणि साबण घेऊन फरशी घासली, पितळ उजळलं.

उत्तरेच्या भिंतीत एक दार होतं, ते कधीकाळी दगड रचून बुजवलंय. जोएल म्हणतो, की इकडचा वारा उत्तरेचाच, त्याला दार ठेवून कोण काय करणार. त्या दगडांच्या सांध्यांमध्ये लोकरीचे बोळे कोंबलेले होते. तेलकट, काळे, काही इतके जुने की हात लावताच पीठ झालं. वारा अडवायला कोंबले असणार. आमच्याकडे होडीच्या फळ्यांमध्ये जुन्या दोराचा चोथा भरतात, आणि जुना सगळा खरवडून काढल्याशिवाय नवा भरत नाहीत. नाहीतर आत पाणी कुजतं. म्हणून मी विणायच्या सुईने एकूण एक बोळा उकरून काढला. एप्रन भरला. प्रत्येकाला एक गाठ मारलेली होती, तेवढं नवल वाटलं.

सगळं शेगडीत टाकलं. वास आला, पण भिंत कशी स्वच्छ दिसतेय. नवा काथ्या मिळाला की सांधे भरेन.

५ ऑक्टोबर, सोमवार

आज ॲगी थ्वेट मला बघायला आली. काठी टेकत, तोंडात पाइप, मला बघितल्याबरोबर म्हणाली, की ही काय ती मासेवाली, वाटलं होतं त्याहून बरी दिसते. मग तिची नजर उत्तरेच्या दाराकडे गेली आणि तिने पाइप काढला. लोकर कुठे, म्हणाली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की जाळली.

ती बाकावर बसली. मग जे बोलली ते असं: या गावात मूल झालं की बाप्तिस्म्याच्या दिवशी आई लोकरीला एक गाठ मारते आणि उत्तरेच्या दारात खोचते. पुरुषांना यातलं काही सांगत नाहीत, व्हिकरना तर नाहीच. दारात एक बांधलेला आहे. त्याला गाठी सोडवायचा नाद आहे. रिकामा बसला तर तो स्वतःची सोडवेल. म्हणून त्याला आपल्या द्यायच्या, म्हणजे तो त्यांच्याशी झटापट करत बसतो. तिच्या पाचही पोरांच्या गाठी तिथे होत्या. तिच्या आईने मारलेली तिची स्वतःचीही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बांधलेल्याची गोष्ट मला खरी वाटली नाही, पण आयांनी मारलेल्या गाठी मी केराबरोबर जाळल्या. मी माफी मागितली. ॲगी म्हणाली, की तू मुद्दाम नाही केलंस, आणि गावात तोंड उघडू नकोस, बायका तुला विहिरीत ढकलतील. मग हसली, पण जाताना उत्तरेच्या दाराला लांबून वळसा घालून गेली.

१४ ऑक्टोबर, बुधवार

व्हिकरसाहेबांना ते दार पुन्हा उघडायचंय, आत उजेड यावा म्हणून. आज जोएलने आणि दोन माणसांनी आतले दगड काढले. मधला दगड सगळ्यात लांब, माणसाच्या छातीएवढा. तो उलटवला तर आतल्या अंगाला कोरीव काम! व्हिकरसाहेब गुडघ्यावर बसले, पाटलोणीचा विचार न करता. म्हणाले, की हा क्रूसाचा खांब आहे, हे चर्च उभं राहिलं त्याच्याही आधीचा, हजार वर्षं तरी झाली असतील. पुढच्या लोकांनी तो तोडून भिंतीला वापरला.

मी विचारलं, की मग कोरलेली बाजू आत का लपवली. जोएल म्हणाला, यात लपवायचं काय आई, पाठ सपाट असते ती बाहेर ठेवायची, आणि नक्षीच्या खाचांमध्ये चुना पक्का धरतो, मीही तेच केलं असतं.

दगडावर एक माणूस आहे. मान खाली, दोन्ही हात पुढे धरलेले, मनगटांभोवती दोर. तोच दोर पुढे वळणं घेत घेत सगळा दगड भरून टाकतो. मी बघितलं आणि हसूच आलं. रूबेन! मी लोकरीचा गुंडा करायला बसले की तो असाच समोर बसून दोन हातांवर लड धरायचा, मान खाली घालून, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मी बोटाने तो दोर धरून गेले, वेणीचा टाका तपासावा तशी. वर, खाली, वर, खाली, आणि निघाले तिथे परत. कुठेही टोक नाही. फार नीट काम. व्हिकरसाहेब म्हणाले, की त्या काळच्या कारागिरांची तीच हातोटी होती.

भिंतीत मागचा चुना तसाच राहिलाय, बाहेरच्या दगडांच्या पाठीला चिकटून. त्यात त्या माणसाचा उलटा ठसा उमटलाय, लोण्याच्या साच्यासारखा. दगड आता बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ उभा करून ठेवलाय, तोंड चर्चकडे.

ॲगी दारापर्यंत आली आणि आत न येताच परतली.

२१ ऑक्टोबर, बुधवार

रोज झाडून झालं की त्या दगडावरून फडकं फिरवते. वेडेपणा आहे, पण त्याला सकाळी सकाळी बघून बरं वाटतं. डॉर्कसची तब्येत, जोएलची थट्टा, सगळं मनातल्या मनात सांगते. रूबेनही काही उत्तर द्यायचा नाही, नुसता लड धरून बसायचा.

गावात एक गंमत चाललीय. सगळ्यांच्या गाठी सुटताहेत. जोएलच्या बुटांचे बंद चालता चालता मोकळे होतात. मागच्या गल्लीतल्या शेतकऱ्याची गाय दावं सोडून चर्चच्या आवारात आली, तो म्हणाला, की प्रवचन ऐकायला आली असेल, बायको तर येत नाही. रविवारी प्रार्थना चालू असताना माझा एप्रन सगळ्यांसमोर खाली पडला.

आज फडकं फिरवताना दोराला टोक सापडलं. डाव्या मनगटापाशी, नखाएवढं. परवा नव्हतं. मी भिंतीतल्या चुन्यातला ठसा बघितला. त्यात टोक नाही, दोर अखंड आहे.

व्हिकरसाहेबांना दाखवलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, भिंग घेऊन दोन्हीकडे बघितलं. म्हणाले, की दगड हलवताना टवका उडाला असेल, आणि चुन्यात बारीक गोष्टी उमटत नाहीत. मग त्यांच्या आईचा जुना चष्मा मला दिला. म्हणाले, की मिसेस वेरिल, एवढ्या बारीक टाक्यांनी डोळे शिणतात. देवमाणूस आहे.

चष्मा लावून पुन्हा बघितलं. दोन टोकं आहेत.

२८ ऑक्टोबर, बुधवार

जोएल पडला.

परांची चर्चच्या बुरुजाच्या बाजूला बांधलेली होती, वासे आणि दोर. सकाळी त्याने स्वतः सगळ्या गाठी ओढून बघितल्या होत्या. मी खाली बादली घेऊन उभी होते. आवाज काहीच झाला नाही, आधी वासे हळूच बाजूला झाले, जसं कोणी वाट करून द्यावी. मग तो. मांडीचं हाड मोडलंय. जीव वाचला.

माणसांनी दोर गोळा केले. एकही तुटलेला नाही, झिजलेला नाही, नुसते सरळ होऊन पडलेत. जोएल दुखण्याने घामाघूम झालेला, तरी एकच बोलत होता, की मी बांधले होते आई, मी काय पोर आहे का, मी बांधले होते.

संध्याकाळी गावातल्या बायका एक एक करून आल्या. ॲगीने सांगितलं असणार. प्रत्येकीने लोकरीला नवी गाठ मारून आणली होती. खोचायला आता दारच नाही, म्हणून दगडापुढे ठेवून गेल्या.

मी दगडाकडे बघितलं नाही.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी बघितलं. गाठी सगळ्या सुटलेल्या. लोकरीचे तुकडे फरशीवर एकाशेजारी एक, विंचरलेल्या केसांसारखे सरळ लावून ठेवलेले.

ॲगी म्हणाली, की पूर्वी दगड पालथा होता, तोंडात चुना भरलेला होता, तेव्हा त्याला एकेका गाठीला वर्ष लागायचं. आता तोंड मोकळं झालंय.

दगडावरचा दोर मनगटावरून उतरलाय. खाली नुसता लोंबतोय. व्हिकरसाहेब माझ्याबरोबर आले होते. त्यांनी भिंतीतला ठसा बघितला, मग दगड बघितला. यावेळी टवका म्हणाले नाहीत. लिंबासारखा रंग झाला होता त्यांचा.

१ नोव्हेंबर, रविवार

मुलगी झाली. पहाटे कळा सुरू झाल्या आणि चर्चची वेळ होईतो बाळ हातात. महिनाभर तरी आधी, पण पूर्ण, गुलाबी, मुठी वळलेल्या. ॲगीनेच बाळंतपण केलं, ती इथली सुईण. तागाच्या धाग्याने नाळ बांधली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा, मी बघत असताना. बाजेवरून जोएल ओरडला, की माझ्यासारखी दिसत असेल तर परत घाला. डॉर्कस रडली आणि हसली.

रूथ ठेवायचं.

बाळाचं डोकं माझ्या गळ्याशी होतं तेव्हा मला कशाची भीती वाटत नव्हती. एवढं लिहून ठेवते.

२ नोव्हेंबर, सोमवार

दुपट्यावर रक्त. ॲगीने सोडलं तर नाळेचा धागा सरळ होऊन पोटावर पडलेला. तिन्ही गाठी गेलेल्या. पुन्हा बांधला, पिळून, मेणाचा धागा घेऊन. तासाभराने पुन्हा रक्त.

ॲगीने मला बाजूला नेलं. नाळ सुकून पडली की भीती नाही, म्हणाली, मग बांधायला काही उरतच नाही. पण अजून ओली आहे. आणि एवढीशी पोर, रक्त असतंच किती.

आम्ही पाळीपाळीने बोटांच्या चिमटीत धरून बसतोय. चिमूट सैल झाली की —

डॉर्कसला सगळं सांगितलेलं नाही. तिला कळलंय.

३ नोव्हेंबर, मंगळवार

व्हिकरसाहेबांना म्हटलं, की दगड पालथा घाला, चुना भरा, दार पुन्हा बुजवा. एका शब्दाने वाद घातला नाही. स्वतः कोट काढून माणसांबरोबर उभे राहिले. दगड उचलायला दोर लावला, दोर गळून पडला. साखळी लावली, कड्या एकेक करून उघडल्या. मग पहारींनी ढकलायला गेले, तर एकाच्या बोटांवर आला. माणसं पळाली. आडवाही झाला नाही. आहे तसाच उभा.

व्हिकरसाहेब आमच्या घरी येऊन बाळाला बाप्तिस्मा देऊन गेले. शब्द एकही चुकला नाही. जाताना डॉर्कसला म्हणाले, की उजेडासाठी केलं मी हे, फक्त उजेडासाठी.

मी पुन्हा चर्चमध्ये गेले, बघायला. हात मोकळे आहेत. भिंतीतल्या चुन्यात त्याची मान खाली आहे. दगडावर आता वर आहे. समोर बघतोय.

रूबेनसारखा नाही. रूबेनसारखा कधीच नव्हता.

४ नोव्हेंबर, बुधवार

रात्रभर चिमूट. डॉर्कस बसल्या बसल्या झोपली, रक्त तिच्या मनगटापर्यंत आलं. बाळाचा रंग उतरलाय. रडणं मांजराएवढं.

दुपारी चर्चची शेगडी बघायला गेले, व्हिकरसाहेब कुडकुडत प्रार्थनेला बसलेत म्हणून. खिशात डॉर्कससाठी विणायला घेतलेला मोजा होता. परतताना कळलं, की तो खिशातल्या खिशात उसवतोय, टाका टाका, मागून कोणी ओढल्यासारखा. ओरडणार होते. ओरडले नाही. उभी राहिले, आणि उसवू दिला. पूर्ण पंजा जाईतो.

घरी आले तर ॲगी म्हणाली, की देवाची दया, एवढा वेळ धागा टिकला! आत्ता सुटला, तू दारात पाय ठेवलास तेव्हा.

म्हणजे एका वेळी एकच. तो एका वेळी एकच काम करतो.

मोज्याला टाके किती. त्याला पुरेल असं, घट्ट, हजारो टाक्यांचं, असं या घरात एकच आहे.

५ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी

ट्रंकेतून काढला. त्याला अजून मिठाचा वास आहे. दोनदा धुतला तरी.

आमच्याकडचे स्वेटर वारा आत शिरणार नाही इतके घट्ट विणतात. शिवाय रात्री बसून मी काठाकाठाने गाठी मारल्यात. पण नुसता टाकून दिला तर त्यालाही पुरणार नाही. म्हणून मी बसणार. तो उसवेल, आणि सुटलेली लोकर मी लगेच सुयांवर घेऊन विणत जाईन. त्याच्याकडून येईल, माझ्याकडून परत जाईल. संपणारच नाही असं करायचं.

ॲगीने नाळ बघितली. काळी पडलीय, देठाशी सुकलीय. आज नाहीतर उद्या, म्हणाली. पडली की ती चर्चची घंटा वाजवणार. दोर केव्हाच गळून पडलाय, म्हणून जोएलची हातोडी घेऊन बुरुजाच्या पायऱ्या चढणार, त्या गुडघ्यांनी. मी म्हटलं, जमेल का. म्हणाली, मासेवाली, तू तुझ्या टाक्यांकडे बघ.

डॉर्कसला म्हटलं, चहा ठेव, घंटा झाली की येते. तिने माझा हात सोडला नाही. मी सोडवून घेतला.

दुपार. चर्चमध्ये.

कुंडाच्या पायरीवर बसलेय. वही मांडीवर. तो समोर.

बाहीच्या टोकापासून सुरू केलं त्याने. फार सावकाश. मोज्यासारखं नाही, चाखत चाखत. लोकर माझ्याकडे येते, मी विणते. सुयांचा आवाज तेवढा. घरून निरोप आला, धागा टिकून आहे, रक्त थांबलंय. म्हणजे बरोबर आहे.

व्हिकरसाहेब दाराशी उभे होते. त्यांना जायला सांगितलं. त्यांच्या बुटांचे बंद त्याला दिसले असते.

—

दोन्ही बाह्या गेल्या. गळा गेला. खांदे. रूबेन हे घालून वाकायचा तेव्हा खांद्यावरची वेण —

लिहिताना सुया थांबतात. तो थांबत नाही.

—

वेण्या गेल्या. जाळीला लागलाय. मी विणलेलं आता माझ्या पायांवर पसरलंय, दुसराच कोणाचा तरी स्वेटर.

भरभर. सुरुवातीला नव्हता असा. शिकतोय.

दगडावर बघितलं. जिथे तो होता तिथे नुसती खोलगट जागा. चुन्यातल्या ठशासारखी.

मग ही लोकर कोण —

—

उजेड कमी होतोय. नावाची अक्षरं आली. एक गेलं.

दुसरं —

गेलं. जुनं संपलं. आता मी विणलेलं उसवतोय, मी विणतेय त्याच्याच मागून. दोघांमध्ये चार बोटं अंतर.

वाजव ना ॲगी.

—

ओलावा. मिठाचा वास. समोर कोणीतरी बसलंय, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. वर बघणार नाही. टाक्यांकडे बघायचं. टाक्यांकडे.

घंटा.

घंटा! वाजतेय, वेड्यासारखी, हातोडी धातूवर. पडली. नाळ पडली. रूथ वाचली. रूबेन, पोर वाचली —

आता उठते. सुया खाली ठेवल्या. पण सुटलेली लोकर मांडीवर नाही, माझ्या मनगटांभोवती आहे, वळणावर वळण, नीट, एवढा वेळ मी विणत असताना — बोटं तेवढी हलताहेत. दोन्ही हात पुढे धरलेत माझे. मी नाही धरले. आणि दुसरं टोक हातात घेऊन तो हळूहळू गुंडा